रिकाम्या घरी पाणी मागणारे साहेब

जनगणनेच्या घरयादीच्या पहिल्याच सकाळी मी एका जनरेटरला घर समजलो.

इथे भोपाळला आमच्या शेजारच्या इमारतीमागे एक बुटकी, पत्र्याच्या छपराची खोली आहे. आतून घुर्रर्र आवाज येत होता. मी म्हटलं, मिक्सर चाललाय, बाई चटणी वाटत असतील, थांबू जरा. चौकटीवर मार्करने झोकात नंबर घातला आणि भर उन्हात दहा मिनिटं उभा राहिलो. दोनदा ‘भाभीजी, जनगणना!’ अशी हाकही मारली. मग वीज आली, घुर्रर्र थांबलं, आणि दाराला कडी बाहेरून आहे हे माझ्या लक्षात आलं. वीस वर्षं सरकारी शाळेत गणित शिकवतोय मी. नंबर काही पुसला गेला नाही. आज जनरेटरला घर क्रमांक आहे.

तेवढ्यात जुन्या स्कूटरवरून आमचे सुपरवायझर आले. माझ्यासारख्या घरोघर फिरून नोंदी करणाऱ्या सहा प्रगणकांवर एक सुपरवायझर, तसे आमच्यावर हे. मी घडलेलं सांगितलं. माझी अपेक्षा, की हसतील किंवा रागावतील. त्यांनी विचारलं, “आत कोणी झोपत नाही ना? विचारलंत?”

“साहेब, जनरेटर आहे तो.”

“जनरेटरशेजारी झोपणारी माणसं मी पाहिलीत, मास्तर. विचारा.”

मी विचारून आलो. कोणी झोपत नव्हतं. तेव्हा कुठे ते हसले, तेही अगदी थोडं.

साहेब मूळचे इंदूरचे. मराठी आमच्यासारखीच बोलायचे, पण राग आला की हिंदीवर उतरायचे, आणि राग दिवसातून बऱ्याचदा यायचा. उंच, वाळकी देहयष्टी. काम सगळं मोबाइलवर, तरी खिशाला दोन पेनं. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात ओव्याची डबी आणि एक स्टीलचा पेला. हा पेला म्हणजे त्यांचं सगळं शास्त्र होतं. एखाद्या घरात कोणी राहतं की नाही अशी शंका आली, की साहेब पेला काढायचे आणि म्हणायचे, “ज़रा पानी पिलाइए.”

“राहत्या घरी पाणी मागितलं ना,” ते मला समजावायचे, “की आत काहीतरी वाजतं. फ्रिजचं दार वाजतं, भांडं वाजतं, कोणी कोणाला ओरडतं. कोणी राहत नसलेल्या घरी पाणी मागा, घर दाखवायला आलेले लोक आधी एकमेकांची तोंडं बघतात.”

दिवसाला वीस-पंचवीस घरचं पाणी पोटात जायचं. ओव्याची डबी त्याचसाठी. मी एकदा म्हटलं, साहेब, घरून बाटली आणा की. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी डॉक्टरला स्टेथोस्कोप घरी ठेवायला सांगितलं होतं.

कुलपंही वाचायचे ते. अगदी कुलपाला नाक लावून. “कुलपाच्या तोंडाकडे बघा. किल्ली जाते ती जागा चकाकतेय? मग माणूस सकाळीच बाहेर पडलाय. हे घर *बंद*. परत यायचं, दोनदा, तीनदा यायचं. आणि हे बघा, तोंडात कोळ्याने जाळं धरलंय. हे *रिकामं*. बंद आणि रिकामं यांत जेवढा फरक आहे ना, तेवढ्यासाठीच सरकार आपल्याला उन्हात पाठवतं.”

‘रिकामं’ हा शब्द ते शिवीसारखा उच्चारायचे. एकदा दुपारी चहाला आम्ही महाराणा प्रताप नगरात थांबलो होतो. क्लासची पोरं घोळक्याने समोशाच्या गाडीवर उभी होती. साहेबांनी एकाला विचारलं, कुठे राहतोस? तो म्हणाला, इथेच मागे, एका खोलीत सहा जण. साहेबांनी चहा तसाच ठेवला आणि समोरच्या इमारतीकडे बोट केलं. वरच्या दोन मजल्यांच्या खिडक्यांना अजून बिल्डरची निळी टेप होती. “ही पोरं एका खोलीत सहा, आणि तिथे खोल्या सहा, माणूस शून्य. शर्म आनी चाहिए!” कोणाला आली पाहिजे ते सांगितलं नाही, पण गाडीवाल्याने घाबरून त्यांच्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत.

आता माझ्या खऱ्या पराक्रमाकडे येतो. माझ्या वाट्याला आलेल्या भागात आमचीच सोसायटी होती. बत्तीस फ्लॅट. त्यांतले अकरा वर्षानुवर्षं रिकामे. मालक कोणी बंगळुरूला, कोणी दुबईला, कोणी इथेच अरेरा कॉलनीत स्वतःच्या बंगल्यात. फ्लॅट म्हणजे त्यांना लॉकरमधला दागिना. भाड्याने देत नाहीत, कारण भाडेकरू भिंतीला खिळे ठोकतो.

घरयादी सुरू व्हायच्या आठवडाभर आधी सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज आला. अफवा अशी, की रिकाम्या फ्लॅटवर टॅक्स बसणार. ‘सभी सदस्यों से निवेदन है कि बंद फ्लैटों की बालकनी में कपड़े सुखाने हेतु पुराने वस्त्र कार्यालय में जमा करें।’ आणि लोकांनी खरंच जमा केले! पूरग्रस्तांसाठी कधी एवढे कपडे निघाले नव्हते. बायकोने दोन साड्या दिल्या आणि, मला न विचारता, गुडघ्याला ठिगळ असलेला माझा पायजमा. दुसऱ्या दिवशी अकराही गॅलऱ्या फुलल्या. मी प्रगणक म्हणून खाली उभा, वर तिसऱ्या मजल्यावरून माझाच पायजमा मला हात करतोय, आणि मी मोबाइलवर काय भरतोय? ‘बंद, रहिवासी बाहेरगावी.’ काय करणार? सेक्रेटरी शेजारी उभे होते. त्यांच्याबरोबर मला रोज लिफ्टमधून जायचं असतं.

आणि एवढंच असतं तर मी हसून सांगितलं असतं. जिन्याखाली एक खोली आहे. खोली म्हणजे, जिना जिथे जमिनीला टेकतो तिथवर उतरत गेलेली पोकळी, तिला एक पत्र्याचं दार. तिथे आमचा चौकीदार, त्याची बायको रामकली आणि दोन मुलं चार वर्षं राहतात. रामकली आमचा कचरा नेते, सिलिंडर आला की वर चढवायला हात लावते, माझ्या आईला शेवटच्या आजारात तिनेच अंघोळ घातली होती. ती खोली नकाशात नाही, विनापरवाना आहे. सेक्रेटरी म्हणाले, “भाईसाहब, वो तो गोदाम है. झाडू-वाडू रखते हैं.” मी भरलं: गोदाम.

चार दिवसांनी साहेब तपासणीला आले. गेटातून आत शिरताना वर बघितलं आणि थांबले.

“मास्तर, मी सोमवारी या रस्त्याने गेलो. हीच साडी, हाच चिमटा. आज शुक्रवार. मे महिन्यात कपडे वाळायला किती वेळ लागतो भोपाळला? पापड झालेत ते.”

सेक्रेटरी धावत आले. साहेबांनी तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटची किल्ली मागितली. आत गेलो. फरशीवर धूळ इतकी, की आमच्या पावलांचे ठसे आधीच्या एकाच माणसाच्या ठशांशेजारी उमटले: दारापासून गॅलरी, गॅलरीपासून दार. साहेबांनी पिशवीतून पेला काढला. “ज़रा पानी पिलाइए.”

“साहब, ठंडी बोतल मँगवाता हूँ ना.”

“बोतल नहीं. घर का.”

सेक्रेटरींनी स्वयंपाकघरातला नळ सोडला. नळ खोकला. मग त्याने एक तपकिरी गुळणी टाकली आणि गप्प बसला. साहेबांनी पेल्यातला तो रस्सा उजेडात धरून पाहिला, मग गॅलरीत गेले आणि पायजमा चिमट्यातून सोडवून आत आणला.

“हा कोणाचा?”

मी खाली बघत म्हटलं, “माझा.”

“अच्छा! म्हणजे तुम्ही इथे राहता? मग बाहेरगावी कोण गेलंय?”

मला आयुष्यात इतकं उघडं कधीच वाटलं नव्हतं, आणि पायजमा तर त्यांच्या हातात होता.

अकराच्या अकरा नोंदी मी तिथेच उभं राहून बदलल्या. साहेबांनी एकेक तपासून घेतली. जिना उतरून खाली आलो, तर त्यांची नजर पत्र्याच्या दारावर गेली. दारावर मुलांचे दोन जोडी मोजे वाळत होते. हे कपडे कोणी अफवेसाठी टांगले नव्हते.

“हे काय आहे?”

“गोदाम,” सेक्रेटरी आणि मी एकदमच म्हणालो.

चौकीदाराला मुलांसकट सकाळीच बिट्टन मार्केटला पिटाळलं होतं. भाजीबाजार उठेपर्यंत परत यायचं नाही अशी ताकीद होती. रामकली मात्र झाडू घेऊन उभी होती. साहेबांनी तिला नमस्कार केला आणि पाणी मागितलं. ती आत वाकली. आत भांडं वाजलं. माठातलं गार पाणी आलं, पेला काठोकाठ. साहेब ते सावकाश प्यायले.

“कितने लोग रहते हो, बाई?”

रामकलीने सेक्रेटरींकडे पाहिलं. मग माझ्याकडे. “हम यहाँ नहीं रहते, साहब. झाडू रखते हैं बस.”

मला वाटलं, साहेब आता फुटणार. पण ते जमिनीवर उकिडवे बसले, म्हणजे बुटक्या दाराच्या उंचीला आले, आणि हळू आवाजात म्हणाले, “देखो, ये जानकारी किसी को दिखाई नहीं जाती. इस कागज़ से तुमको यहाँ से कोई नहीं निकाल सकता.”

“कागज़ थोड़े ही निकालता है, साहब,” ती म्हणाली. “लोग निकालते हैं.”

साहेब उठले. माझ्याकडे वळले, आणि इतका वेळ साठवलेलं सगळं बाहेर आलं.

“लोग! लोक म्हणजे कोण, मास्तर? मी तर इथे राहत नाही. तुम्ही राहता. जिथे कोणी नाही तिथे तुम्ही पायजमा टांगून माणूस उभा केलात. आणि जिथे चार जीव आहेत, तिथे लिहिलंत गोदाम! झाडू आहे का ही बाई? सांगा तिला, तू राहा, तुला कोणी काढणार नाही. सांगा ना!”

मी म्हणालो, “साहेब, मी एकटा काय… मीटिंगमध्ये ठेवावं लागेल.”

अजून आठवलं तरी माझे कान तापतात. साहेबांनी फक्त मान हलवली. “ती नाही म्हणाली, मी जबरदस्तीने लिहू शकत नाही. मी सोमवारी परत येतो.”

सेक्रेटरींनीही वेळ दवडला नाही. साहेबांची स्कूटर गेटाबाहेर पडली आणि ग्रुपवर नोटीस आली: रविवारी मीटिंग, विषय ‘सीढ़ी के नीचे का गोदाम खाली कराना’. म्हणजे पुन्हा कोणी विचारायला आलंच, तर विचारण्यासारखं काही उरूच नये. रामकलीला नोटीस वाचता येत नाही. ती माझ्या बायकोने तिला वाचून दाखवली. रामकली एवढंच म्हणाली, “बच्चों का स्कूल यहीं है, दीदी.”

शनिवारी मी साहेबांच्या घरी गेलो. खरं सांगतो, काही लढायला वगैरे गेलो नव्हतो. म्हटलं, साहेबांनाच विनवावं, की सोमवारी येऊ नका, तुम्ही आलात की हे लोक चिडतात. ते नेहरू नगरात एका घराच्या गच्चीवरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायचे. पोचलो तर खाली टेम्पो उभा. साहेब आणि त्यांच्या मिसेस खोकी उतरवत होते. खोक्यांवर चिकटपट्टीचे थर, एकावर एक, झाडाच्या खोडात वर्षं मोजता येतात तसे.

“अहो, आज बदलताय घर? एवढ्या कामात?”

“अकरा महिन्यांचा करार संपला. मालकाच्या भाच्याचं लग्न ठरतंय. दर वेळी कोणाचं तरी ठरतंच.”

साहेबांच्या मिसेस हसून म्हणाल्या, “यातली चार खोकी तर मी तीन घरांत उघडलीच नाहीत हो. उघडून काय करू?”

मी एक खोकं उचललं. जिन्यात साहेब म्हणाले, “गंमत ऐका, मास्तर. आज सकाळी मी इथे चहा प्यायलो. दुपारी माझ्याच हाताखालचा मुलगा यादी करत आला. मालकाने वरच्या खोल्या दाखवल्या. त्याने लिहिलं, रिकामं. मी बघितलं. बरोबर होतं, आज रात्री इथे कोणी झोपणार नाही. पास केलं.” आणि थोडं थांबून, “भाचा काही येत नाही बघा राहायला. पुढच्या वर्षी जाऊन कुलपाचं तोंड बघतो.”

मी ज्यासाठी आलो होतो ते बोललोच नाही. टेम्पो भरून दिला आणि परतलो. येताना सबंध रस्ता मी कोणावर तरी भयंकर चिडलेलो होतो, आणि घर जवळ येत गेलं तसतसं ते कोणीतरी माझ्यासारखंच दिसायला लागलं.

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. सेक्रेटरींनी फाइल उघडली. आत अकरा रिकाम्या फ्लॅटच्या मालकांची अधिकारपत्रं: आमच्या वतीने सेक्रेटरी जे ठरवतील त्याला आमची संमती. मीटिंगला माणसं जमली होती तेरा-चौदा, त्यांतली निम्मी रामकलीच्या बाजूची. पण फाइलमधली अकरा मतं म्हटल्यावर कोणी तोंड उघडेना. ज्या घरांत नळाला पाणी नाही त्यांना मत होतं, आणि जिथे रोज चूल पेटते त्या खोलीला नंबर नव्हता. हे माझ्या डोक्यात अगदी साध्या गणितासारखं लखकन उभं राहिलं आणि मी उभा राहिलो. खुर्चीला धरलं.

“सेक्रेटरीसाहब, एक शंका है. इन ग्यारह फ्लैट में लोग रहते हैं ना?”

ते सावध झाले. “क्यों?”

“नहीं, इतने दिन से बालकनी में कपड़े सूख रहे हैं. सबने देखा है. तो चिट्ठी की क्या ज़रूरत? आवाज़ दे दीजिए, नीचे आ जाएँगे. हाथ उठा देंगे.”

तळमजल्यावरच्या शुक्लाआंटी खुदकन हसल्या. “हाँ भैया, बुलाओ ना. मेरी नीली मैक्सी वाली तो ज़रूर आएगी, दूसरे माले पर है.” मग जो हशा पिकला, त्यात सेक्रेटरी फाइल बंद करायला लागले. लोक राहतात म्हणावं तर बोलवा. राहत नाहीत म्हणावं तर गॅलरीतली मॅक्सी कोणाची?

मतदान हजर असलेल्यांचंच झालं. माणुसकीने हात वर झाले असं समजू नका. ‘दूध कौन लाएगा’, ‘कचरा कौन ले जाएगा’ हेच जास्त ऐकू येत होतं. पण झाले. चौकीदाराचं कुटुंब तिथेच राहील असा ठराव झाला. सेक्रेटरी लिहीत होते, म्हणून मी शेजारी उभं राहून शब्द न् शब्द वाचला. मग खाली जाऊन तो रामकलीला वाचून दाखवला. तिने दोनदा वाचायला लावला.

सोमवारी साहेब आले. काय झालं ते त्यांना गेटावरच कळलं असणार, पण त्यांनी काही विचारलं नाही. पत्र्याच्या दाराशी आले, उकिडवे बसले. “ज़रा पानी पिलाइए.” रामकलीने पाणी दिलं. त्यांनी विचारलं, “कितने लोग रहते हो?”

“चार,” ती म्हणाली. मग नवऱ्याचं नाव, स्वतःचं नाव आडनावासकट, दोन्ही मुलांची नावं, कोण कितवीत आहे ते. न विचारलेलंही बरंच सांगितलं. साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, “भरा, मास्तर. सावकाश भरा.” मला वाटलं होतं, पाठीवर थाप पडेल. मी मार्करने चौकटीवर घातलेला नंबर नीट दिसतोय ना ते त्यांनी पाहिलं, पेला पुसून पिशवीत टाकला आणि पुढच्या इमारतीकडे गेले. तिथल्या एका कुलपाची त्यांना शंका होती.

यादीचं काम संपल्यावर त्यांची-माझी गाठ पडली नाही. फोन केला तेव्हा म्हणाले, नवीन घर चांगलं आहे, मिसेसनी दोन खोकी उघडलीत. एवढंच.

त्या सोमवारी मात्र मी तरंगतच घरी आलो. बायको भेंडी चिरत होती. तिला सगळं सांगितलं, मीटिंगसुद्धा पहिल्यापासून, थोडं तिखटमीठ लावून. आधी दोनदा सांगून झालं होतं तरी. तिने मध्ये एकदाही विळी थांबवली नाही. शेवटी ताट ठेवत म्हणाली, “म्हणजे वर अकरा घरं रिकामी, आणि एवढं भांडून तुम्ही तिला मिळवून काय दिलंत, तर जिन्याखाली राहायची परवानगी. बसा जेवायला.”